सराट्याचा अर्क आणि पाच तास

साल १९७२. पुण्यातल्या एका औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. तळहातावर सुकलेला सराटा. रानात अनवाणी पायात मोडतो तोच; वैद्य त्याला गोखरू म्हणतात. चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या दहा औषधांच्या गणात तो ‘श्वदंष्ट्रा’ या नावाने आहे. आज त्याची परीक्षा आहे.

फळं कुटून, उकळून, गाळून झाली आहेत. वॉटर बाथवर काढा आटत चिकट, तपकिरी होतो. पलीकडे पांढरे उंदीर कालपासून उपाशी, तहानलेले. आता प्रत्येकाला किलोमागे २५ मिलिलिटर सलाइन पाजायचं. २०० ग्रॅमच्या उंदराला ५ मिलिलिटर. एका गटाला नुसतं सलाइन, दुसऱ्याला त्यातून तुलनेसाठी युरिया, तिसऱ्याला गोखरूचा अर्क. लिपशिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये मांडलेली ही पद्धत.

नुसत्या सलाइनच्या गटाला कमी लेखू नका. सगळा प्रयोग त्याच्यावर उभा आहे. पेलाभर काढा प्यायल्यावर लघवी होते, पण पेलाभर पाणी प्यायल्यावरही होतेच की!

पिंजऱ्याशी वाका. तळाला जाळी, जाळीखाली काचेचं नरसाळं. लेंड्या वर अडकतात. पिवळसर थेंब काचेवरून रेंगाळत मोजपात्रात उतरतो. पाच तासांनी आकडा वाचायचा. डोळा पातळीच्या समोर आणा, वरून पाहिलंत तर चुकेल.

आकडा मोठा आला तरी एवढ्यात हुरळून जाऊ नका. लघवी फ्लेम फोटोमीटरवर न्या. सोडियम किती, पोटॅशियम किती? सूज उतरवायची तर पाण्याबरोबर सोडियम बाहेर पडायला हवं. पोटॅशियम वाढलं तर आणखी एक शंका घ्या: गोखरूत पोटॅशियमचे क्षार मुळातच भरपूर असतात. मग काम अर्कातल्या एखाद्या द्रव्याचं की नुसत्या क्षारांचं? अर्क जाळून त्याची राख आणखी एका गटाला दिल्याशिवाय हे कळणार नाही. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

आता आजच्या काळात या. उंदरांवरचा असा निकाल माणसावरच्या चाचणीचं दार उघडतो. तो औषधाची चिठ्ठी नसतो. तुम्हाला लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोखरूचा काढा सुरू करू नका, आणि त्याच्या भरवशावर गोळी तर मुळीच बंद करू नका.