उणे १२ मध्ये फोन का बंद पडतो? नॉर्वेच्या चार दिवसांच्या ट्रिपसाठी फोनची तयारी

जुळे सोलापुरात आपली तक्रार असते की फोन तापतो. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की गाडीत ठेवलेला फोन स्क्रीनवर 'थंड होऊ द्या' अशी सूचना दाखवतो. जानेवारीत मला नेमका उलटा अनुभव आला. आई-बाबांना घेऊन मी उत्तर नॉर्वेमधल्या ट्रॉम्सोला गेलो होतो. रात्र, शहराबाहेरचा बसस्टॉप, तापमान उणे १२. बॅटरी ३४ टक्के असताना फोन बंद! तिकीट, नकाशा, हॉटेलचा पत्ता, सगळं त्यातच.

शेवटी फोन स्वेटरच्या आत, अंगाला लावून ठेवला. एक बस सोडावी लागली. वीसेक मिनिटांनी फोन चालू झाला आणि बॅटरी ३१ टक्के दिसली. म्हणजे चार्ज संपलाच नव्हता.

असं का होतं?

थंडीत खोबरेल तेलाची बाटली आठवा. बाटली भरलेली असते, पण तेल बाहेर येत नाही. लिथियम-आयन बॅटरीचंही साधारण तसंच. आतल्या द्रावणातून लिथियमचे आयन फिरतात तेव्हा वीज मिळते. थंडीत ते हळू सरकतात आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. अशात तुम्ही कॅमेरा उघडला की एकदम जास्त वीज लागते, व्होल्टेज खाली येतं आणि फोन स्वतःला बंद करतो. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगतं. म्हणजे आपण त्या मर्यादेच्या बरंच खाली होतो.

तारखा ठरवताना

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही, दुपारी फक्त काही तास निळसर उजेड असतो. दिवसा फिरायचं आणि रात्री नॉर्दर्न लाइट्स बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्च सोयीचे. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे शहरात थंडी त्यामानाने कमी असते, पण ढग टाळायला टूरवाले फिनलंडच्या बाजूला आत नेतात आणि तिथे पारा बराच खाली जातो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी ६ महिने ते १५ दिवस या काळात करता येतो. तो लवकर करा.

घरून निघण्यापूर्वी

- गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या.
- बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.
- ओटीपी येण्यासाठी भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेवा. डेटासाठी ई-सिम घेणार असाल तर फोनला चालतं का ते आधी तपासा.
- पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत साधारण अडचण येत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-अवरची असते.
- तिथला सॉकेट दोन गोल पिनांचा असतो. आपली तीन पिनांची प्लग त्यात बसत नाही, ॲडॅप्टर घ्या.

नॉर्दर्न लाइट्सचा अंदाज

बरेच जण फक्त केपी इंडेक्स बघतात. ० ते ९ असा हा आकडा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगतो. पण ट्रॉम्सो त्या प्रकाशाच्या पट्ट्यातच येतं, त्यामुळे केपी २ असला तरी पुरतो. खरा शत्रू ढग. म्हणून आधी 'यर' या नॉर्वेजियन हवामान ॲपमध्ये ढगांचा अंदाज बघा, केपी नंतर. एकाच रात्रीची टूर घेऊन बसू नका, दोन रात्री मोकळ्या ठेवा.

फोटोसाठी नाइट मोड, छोटा ट्रायपॉड आणि ३ सेकंदांचा टायमर. फ्लॅश बंद.

बाहेर असताना

१. फोन पँटच्या नाही, जॅकेटच्या आतल्या खिशात. पॉवर बँकही तिथेच, कारण तिच्यातही तीच बॅटरी असते.

२. गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

३. आत शिरण्यापूर्वी फोन झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत टाका. नाहीतर गार फोनवर पाणी साचतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर साचतं तसं.

४. साध्या हातमोज्यांनी टचस्क्रीन चालत नाही. बोटांवर वीजवाहक धागा असलेले हातमोजे घ्या.

५. तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि एक फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

यातला पाचवा मुद्दा आईचा. त्या रात्री हॉटेलचं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. फोन चालू झालाच नसता, तर तेवढं कार्ड दाखवून आम्हाला परत जाता आलं असतं. थंडीत बॅटरीच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. तास-दोन तास फोनशिवाय निभावेल अशीच ट्रिप आखा.