चौदा कॅरेटची बोरमाळ

मागच्या शनिवारी लॅपटॉप पुण्यातच ठेवून गावी गेलो होतो. गाव म्हणजे तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. निमित्त होतं आजीची बोरमाळ. चुलतबहिणीच्या नर्सिंगच्या फीला पैसे कमी पडत होते आणि आजीनं स्वतःच जाहीर केलं, "माळ मोडा. माझ्या गळ्यात आता शोभती व्हय?"

घरातली मोठी मंडळी 'मोडा' शब्द ऐकून जरा चपापली, पण कुणी अडवलंही नाही. कारण त्या माळेची घरात फार किंमत नव्हतीच. 'सोनारानं फसवलेली माळ' हीच तिची ओळख. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. आजीचं लग्न १९६३ च्या वैशाखातलं. पणजोबांनी गावातल्याच सोनाराकडून दोन तोळ्यांची बोरमाळ करून सुनेच्या गळ्यात घातली, 'बावनकशी' म्हणून मिरवली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आजोबा माळ घेऊन अंबडला एका सराफाकडे गेले. त्यानं कसोटीवर घासून बघितली आणि म्हणाला, सोन्यात खोट आहे, निम्मेच पैसे मिळतील. आजोबा माळ तशीच घेऊन परत आले आणि भर पारावर सोनाराला नाही नाही ते बोलले. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. माळ मोडली नाही, बैलजोडी विकली, आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली.

असो. तर आजी, काका आणि मी जालन्याच्या सराफ्यात पोचलो. मोड घालताना नेमकं काय होतं हे माझ्यासारख्या ऑनलाइन पिढीला माहीत नसतं, म्हणून सांगतो. बोरमाळेचे मणी भरीव नसतात. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून मणी करतात आणि चेपू नये म्हणून आत लाख भरतात. मोडताना ही लाख वितळवून काढतात, दोराही जातो. आमची माळ काट्यावर २३ ग्रॅम भरली, म्हणजे जुने दोन तोळे (जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्ली सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात). लाख गेल्यावर उरले १५ ग्रॅम. मग ते मशीनखाली ठेवलं. हल्ली कसोटीचा दगड बाजूला पडलाय, क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण मोजतात. पडद्यावर आकडा आला ५८.१ टक्के.

काका म्हणाले, "बघा! फसवलंच होतं."

माझ्या डोक्यात मात्र तो आकडा अडकला. फसवणारा माणूस थोडं थोडं तांबं घालतो, जमेल तसं. ५८ हा आकडा मात्र ओळखीचा वाटत होता. २४ पैकी १४ म्हणजे ५८.३. बरोब्बर चौदा कॅरेट! आपल्याकडे जुन्या काळी चौदा कॅरेटचे दागिने कोण करत होतं? परतताना गाडीत मोबाइलवर शोधत बसलो आणि उत्तर सापडलं.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं. परकीय चलनाचा खडखडाट होता. तेव्हा जगात सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे डॉलर ४ रुपये ७६ पैसे धरला तर १० ग्रॅमला साधारण ५४ रुपये. आपल्याकडे बाजारात भाव त्याच्या दुपटीच्या आसपास. एवढा फरक असल्यावर तस्करी होणारच, आणि ती मुंबईच्या किनाऱ्यावर जोरात चालू होती. म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. त्यातला एक नियम असा की नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचा करायचा नाही. केला तर गुन्हा. कल्पना अशी की हलकं सोनं असलं की लोकांचा सोस आपोआप कमी होईल. लोकांचा सोस काही कमी झाला नाही. सोनारांचं काम मात्र गेलं. चौदा कॅरेटचं सोनं कडक असतं, २२ कॅरेटसारखं हातोडीखाली वळत नाही, रंगही तांबूस येतो. लाखो कारागीर अडचणीत आले, काहींनी आत्महत्या केल्या, संसदेत त्यावर वादळ उठलं. १९६६ मध्ये ही चौदा कॅरेटची अट काढली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला, त्यात सामान्य माणसाला सोन्याची लगड घरात ठेवायलाही बंदी होती. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

आता तारखा जुळवून बघा. नियम जानेवारी १९६३ चा, आजीचं लग्न वैशाखातलं, म्हणजे एप्रिल-मे १९६३. माळ घडली ती नेमकी या चार महिन्यांत. गावातल्या त्या सोनारानं कायद्यानं सांगितलेलं सोनं वापरलं होतं, रतीभरही कमी नाही. साठ वर्षांनी मशीननं त्याला निर्दोष सोडलं आणि आम्ही तिथेच उभे राहून 'फसवलं' म्हणत होतो.

अंबडच्या सराफानं माळ कधी घडवली ते विचारलं नाही, आजोबांनी सांगितलं नाही. पण मग माझ्यातल्या डीबगिंग करणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न पडला. सोनारानं माळ देताना हे सांगितलं नसेल? त्याच्या तर पोटावर पाय आलेला, तो गप्प कसा राहील? आणि सांगितलं असेल तर कुणाला? माळ करायला टाकली होती पणजोबांनी.

घरी आल्यावर आजीला सगळं समजावून सांगितलं. मोरारजींचं नाव तिला माहीत होतं, कॅरेटचं गणित नव्हतं. ती बराच वेळ बोलली नाही. मी विचारलं, "आजी, मग त्यानं पारावर का नाही सांगितलं, की कायदाच तसा होता?"

"सांगितलं आसंल," ती म्हणाली. "आईकलं कुणी?"

मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझे आजोबा पारावर वरडत व्हते तवा मामंजी हितंच वसरीवर बसलेले. उठले न्हाईत. मला वाटलं, रागानं बसल्यात."

मामंजी म्हणजे पणजोबा. मी काही बोललो नाही, काकाही बोलले नाहीत. व्याह्यांसमोर 'चौदा कॅरेट' म्हणायची त्यांना लाज वाटली असेल, किंवा त्यांना स्वतःलाच तो फरक नीट कळला नसेल. आता विचारायला कुणी नाही.

माळ मोडली. १५ ग्रॅमला ५८.१ टक्के म्हणजे सुमारे पावणेनऊ ग्रॅम शुद्ध सोनं, त्यातून थोडी घट कापून पैसे हातात आले. बहिणीची या वर्षाची फी भागली. तुमच्याही घरात एखादा 'खोट निघालेला' डाग असेल तर मोडायच्या आधी एक करा, तो कुठल्या वर्षी घडवला ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा.

त्या सोनाराचं कुटुंब केव्हाच गाव सोडून गेलंय. निघताना आजीनं मला हाक मारून सांगितलं, "त्येच्या घरचं कोन हाय का बघ. मला न्हेऊन घाल यकदा." काकांनी चार फोन केले. नातू अंबडला असतो म्हणतात, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या शनिवारी आजीला घेऊन जातोय.