वेळ देणारे आणि वेळ नसणारे

मोबदला न घेता दुसऱ्याच्या कामाला हात लावणं, याला आपल्या मराठवाड्यात किती शब्द आहेत पाहा. सगळ्यांनी आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात जायचं आणि त्याच्याकडेच जेवायचं, ती इर्जिक. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, ही सावड. दर्ग्यात केली तर खिदमत, दिंडीत केली तर सेवा. पण याच गावांत आणखी एक शब्द होता, वेठ.

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी अंमलदाराचा दौरा आला की सामान वाहायला, वैरण आणायला गावातल्या गोरगरिबांना बोलावणं जायचं. मजुरी नाही आणि नकाराची सोयही नाही. ते तासही बिनपैशाचेच. पण कुणी दिलेले नव्हते, हिसकावलेले होते. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या २३व्या कलमानं वेठबिगारीला बंदी घातली आणि कष्टकरी माणूस, निदान कायद्यानं, स्वतःच्या वेळेचा मालक झाला. दान करायचं तर वस्तू आधी आपली असावी लागते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ‘श्रमदान’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. मात्र बागायतदारानं दिलेला दिवस आणि रोजंदारीवाल्यानं दिलेला दिवस घड्याळात सारखा असला तरी घरात सारखा नसतो. हातावर पोट असणाऱ्याचा दिवस म्हणजे त्या दिवसाची भाकरी.

१९६९मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली. तिनं तास मोजले: दोन वर्षांत २४०. विद्यार्थ्याला ते जमतं. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावंच्या गावं श्रमदानाला उतरली. ते दिवस भर उन्हाळ्यातले होते, कारण तेव्हा शेतं रिकामी असतात. थोडक्यात, माणूस वेळ देतो तो हातात असलेल्या वेळातून.

मग ज्यांच्या हातात वेळच नाही, त्यांचं काय? २०१९मध्ये केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. एखाद्या दिवशी स्वयंसेवेसारख्या बिनपगारी कामाला वेळ देणारे शंभरात जेमतेम दोन-तीन निघाले. त्याच पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. त्यातही बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची फक्त दहा मिनिटं सुटली. पुरुषाचीही नऊ सुटली!

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं दळणकांडणाचे कष्ट सातशे वर्षांपूर्वी अभंगात आणले. आजही शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, तेव्हा छातीवर बिल्ला लावून पंगतीत वाढणारे स्वयंसेवक आपल्याला दिसतात. पहाटेपासून पोळ्या लाटणारीला कुणी बिल्ला देत नाही. तिची सेवा घरकामात जमा होते.

म्हणून ‘बायका सार्वजनिक कामाला येत नाहीत’ असं म्हणण्याआधी एक विचारावं. ती आली, तर तेवढा तास तिची चूल कोण सांभाळणार? घरातल्या कुणी तो तास उचलला, तर तेही श्रमदानच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)