‘ॲब्सर्ड’: कानाचा शब्द

मराठी नाट्यसमीक्षेत ‘ॲब्सर्ड’ या संज्ञेसाठी ‘असंगत’ हा पर्याय रुळला आहे. त्यातून तर्काचा तुटलेला सांधा सूचित होतो. मूळ शब्द मात्र तर्काचा नव्हे, कानाचा आहे. लॅटिन ‘अब्सुर्दुस’ म्हणजे बेसूर. सिसेरो ‘दे ओरातोरे’मध्ये (इ. स. पू. ५५) वक्त्याच्या आवाजाचे दोष सांगताना तो याच अर्थाने योजतो.

त्यातील ‘सुर्दुस’ म्हणजे बहिरा. परंतु लॅटिनमध्ये ज्याला ऐकू येत नाही त्यालाही हा शब्द लागतो आणि जे ऐकू जात नाही त्यालाही. उणीव बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, याचा निवाडा तो करीत नाही. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘स्वर’शी जोडतात. ते मान्य केल्यास ‘अपस्वर’ हा त्याचा अधिक जवळचा सोयरा ठरतो.

या शब्दाचे दुसरे अपत्य गणितातील ‘सर्ड’. ग्रीकांनी अपरिमेयाला ‘आलोगोस’ म्हटले, आणि ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर तसेच वाणीही. अरबी गणितज्ञांनी त्याला ‘असम्म’ म्हणजे बहिरा केले. बाराव्या शतकातील लॅटिन अनुवादकांनी त्याचेच ‘सुर्दुस’ केले. व्हिटनीच्या १८७९ च्या संस्कृत व्याकरणात अघोष वर्णांनाही ‘सर्ड’ हीच संज्ञा आहे. आपल्या ‘करणी’त या बहिरेपणाचा मागमूस नाही.

सोळाव्या शतकात ‘ॲब्सर्ड’ इंग्रजीत स्थिरावला तो ‘बुद्धीला न पटणारे’ या अर्थाने. कान मागे पडला. काम्यूने १९४२ मध्ये ‘द मिथ ऑफ सिसिफस’मध्ये माणसाची हाक आणि जगाचे मौन यांच्या संघर्षात ॲब्सर्डचे स्थान दाखविले, तेव्हा नकळत का होईना, जुना अर्थ परतला. मार्टिन एस्लिनने १९६१ च्या ग्रंथात संगीतातील मूळ अर्थ नोंदविला खरा, पण लगेच तो हेतुशून्यतेच्या व्याख्येकडे वळला. ‘असंगत’ हा पर्याय याच वळणाचा वारस दिसतो. त्याने मराठी वाचकाला संवादांतील विसंगती दाखविली. न पोहोचलेली हाक ऐकविली नाही.

आयनेस्कोच्या ‘द चेअर्स’ (१९५२) या नाटकात ही उणीव विशेष जाणवते. वृद्ध दांपत्य अदृश्य पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत राहते. आयुष्यभर जपलेला संदेश वक्त्याच्या हाती सोपवून दोघे समुद्रात उडी घेतात. वक्ता मूकबधिर निघतो. त्याच्या घशातून निरर्थक ध्वनी उमटतात. आणि नाटककाराच्या रंगसूचनेनुसार, तो निघून गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांमधून प्रथमच हसणे, कुजबुज, खोकणे ऐकू येऊ लागते.