फाशाचा न्याय आणि दराचा न्याय

मराठी भाषेत द्यूताचे शब्द इतके मुरले आहेत, की ते द्यूताचे आहेत हे बोलताना जाणवतही नाही. आपण प्रतिष्ठा पणाला लावतो, फासे उलटे पडले म्हणून हळहळतो, कोणाचा डाव उधळला म्हणून सुखावतो आणि एखादी वस्तू कवडीमोल ठरवतो. मात्र या शब्दसंपत्तीत एक उणीव आहे. खेळ खोटा असेल तर त्यासाठी आपल्याजवळ शब्द पुष्कळ आहेत: कपट, हातचलाखी, लबाडी. खेळ अगदी सचोटीचा असूनही खेळणाऱ्याला बुडवणारा असेल, तर त्या व्यवस्थेला काय म्हणावे, यासाठी मात्र बोलीत रुळलेला एकही शब्द नाही. ही उणीव केवळ भाषेची नसून विचाराचीही आहे, असे आम्हांला वाटते. आज मोबाइलच्या पडद्यावरील जुगार धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या घराघरात पोचला असताना तिचा इतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त हे या विषयावरील आपले सर्वांत जुने काव्य. बेहड्याच्या फळांच्या फाशांनी नागवलेला जुगारी तेथे स्वतःच बोलतो. पत्नी दुरावली, आप्तांनी ओळख नाकारली, तरी फाशांचा आवाज त्याला ओढून नेतो. व्यसनाचे इतके अचूक मनोविश्लेषण नंतरच्या वाङ्मयातही क्वचितच आढळते. महाभारताच्या सभापर्वात प्रश्न वेगळा होतो. तेथे चर्चा शकुनीच्या कपटाची आणि युधिष्ठिराच्या दुर्बलतेची आहे. या दोन्ही ठिकाणी दोष एक तर माणसात आहे किंवा फाशात. पण वनपर्वातील नलोपाख्यानात एक तिसरीच गोष्ट डोकावते. राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याच्या फांद्यांवरील पानाफळांची संख्या सांगतो. बाहुकाच्या वेषातला नल ती मोजून पाहतो आणि ती बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून ‘अक्षहृदय’ शिकतो आणि पुढे पुष्कराला जिंकतो. संख्येचे ज्ञान आणि फाशाचे ज्ञान एकच, हे सूचन येथे आहे. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणारे इयन हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात या कथेची मुद्दाम दखल घेतली. मात्र आपल्याकडे हे बीज कथेतच राहिले. युरोपात १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट सोडलेल्या डावातील रक्कम न्याय्यपणे कशी वाटावी या प्रश्नावर पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले.

धर्मशास्त्राने आणि अर्थशास्त्राने द्यूताकडे अधिक व्यावहारिक दृष्टीने पाहिले. मनूने ते संपूर्ण निषिद्ध मानले. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला, फासे अध्यक्षाकडूनच घ्यावेत असे सांगितले आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच हिस्सा वसूल करण्याची तरतूद केली. याज्ञवल्क्यस्मृतीत द्यूतगृह चालवणाऱ्या सभिकाचा वाटा पणाच्या मानाने शेकडा पाच किंवा दहा असा ठरवून दिला आहे आणि खोट्या फाशांनी खेळणाऱ्याला डाग देऊन हद्दपार करावे असे म्हटले आहे. या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही विज्ञानेश्वराची टीका चालुक्यांच्या कल्याणी नगरीत लिहिली गेली. ही कल्याणी म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यापलीकडचे, कर्नाटकातील बसवकल्याण. त्याच गादीवरच्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’तील क्रीडाप्रकरणात बुद्धिबळाबरोबर पाशकक्रीडा आणि वराटिकाक्रीडा, म्हणजे फाशांचा आणि कवड्यांचा खेळ, यांना स्वतंत्र स्थान आहे. आमच्या भूभागाच्या राजसत्तेने एकाच काळात द्यूताचा कायदाही विवरला आणि त्याचा आनंदही नोंदवला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. प्राचीन सभेत खेळाडू परस्परांविरुद्ध खेळत. सभिक हा यजमान असे आणि त्याचा वाटा उघड असे. शंभराला पाच गेले हे जिंकणाऱ्याला दिसे. आधुनिक जुगारात यजमानच प्रतिस्पर्धी होतो आणि त्याचा वाटा दरात लपतो. या एका बदलाने न्यायाचा प्रश्नच पालटला. पण आपली नैतिक भाषा मात्र जुन्या सभेतच राहिली.

मराठी गद्याच्या आरंभीच द्यूत उभे आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. ‘लीळाचरित्रा’त हरिपाळदेव द्यूतात हरतो, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतो, ती नकार देते आणि त्या नकारातून त्याला विरक्ती येते. पुढे तोच चक्रधर म्हणून ओळखला जातो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहकही दहा सुवर्णमुद्रांच्या देण्यापायी सभिकाच्या तावडीत सापडतो, वसंतसेना ते देणे फेडते आणि तो बौद्ध भिक्षू होतो. देवलांमुळे ही कथा मराठी रंगभूमीवरही आली. दोन्हीकडे द्यूताचे देणे वैराग्याकडे नेते. वाङ्मयाने जुगाऱ्याला मुक्तीचा मार्ग दाखवला. ज्या खेळात तो हरला त्याचा हिशेब मात्र वाङ्मयाने मांडला नाही.

तो हिशेब सामान्य मराठी माणसापुढे आला मटक्याच्या रूपाने. मुंबईत न्यू यॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर आकडा लावण्याची प्रथा होती. १९६१ मध्ये तिकडून येणारे दर बंद झाले आणि आकडा स्थानिक पातळीवर काढण्याची गरज निर्माण झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका सुरू केला. शून्य ते नऊ यांतील तीन आकडे निघत. ती ‘पत्ती’ किंवा ‘पाना’. त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे त्या वेळचा आकडा. दिवसातून दोनदा, ओपन आणि क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

या रचनेचे सौंदर्य गणिती आहे. तिन्ही आकडे वेगळे असलेल्या पत्त्या १२०, दोन सारखे असलेल्या ९० आणि तिन्ही सारखे असलेल्या १०, अशा एकंदर २२० पत्त्या होतात. त्या दहा अंकांत वाटल्या तर प्रत्येक अंकाच्या वाट्याला नेमक्या २२ येतात. म्हणजे पत्ते प्रामाणिकपणे काढले गेले तर कोणताही अंक दुसऱ्यापेक्षा भाग्यवान नाही. फाशाचा न्याय येथे पूर्ण आहे. आता दर पाहू. एका अंकावर एक रुपया लावला आणि तो आला तर प्रचलित दराने नऊ रुपये मिळत. शक्यता दहात एक, मोबदला नऊपट. दहाच्या दहा अंकांवर एकेक रुपया लावणाऱ्याला दर वेळी खात्रीने एक रुपया गमवावा लागे. हा शंभराला दहाचा वाटा कोणी चोरून घेत नव्हते, तो दरातच होता. ‘कमी पैसा लागलेला आकडाच काढतात’ ही कुजबुज वर्षानुवर्षे चालली. ती खरी असो वा खोटी, तिने लोकांचे लक्ष पत्ते काढणाऱ्या हाताकडे वळवले. तो हात निष्कलंक असता तरी ‘नऊ’ हा शब्दच पुरेसा होता, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

असे का व्हावे? त्याचे एक उत्तर आमच्या परिसरातच मिळते. तुळजापूरच्या मंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. भाविक त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरतात. तो उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, स्थिर राहिला तर विलंब, अशी श्रद्धा आहे. हा कौल आहे. कौलात यदृच्छा बोलते आणि ती माझ्याशी बोलते. तेथे कोणी प्रतिस्पर्धी नाही, पण नाही, दरही नाही. मटका लावणारा स्वप्नात दिसलेल्या वस्तूवरून आकडा काढतो, बुवाच्या बोलण्यातून अंक वेचतो, तेव्हा तो बाजारात उभा राहून कौल मागत असतो. कौल मागणाऱ्याला ‘माझ्यासाठी काय निघेल’ हा प्रश्न पडतो. ‘निघाल्यावर किती देणार आणि तो दर कोणी ठरवला’ हा प्रश्न त्याला सुचत नाही. ‘चार दिवस सत्ता आला नाही, आज यायलाच हवा’ या विधानाचे मूळही येथेच आहे. देवाला आपली आठवण असते, फाशाला मागच्या फेकीची नसते.

ऑनलाइन कॅसिनोने हाच गैरसमज कमालीचा फायदेशीर केला. तेथे आकडा संगणक काढतो आणि अनेक खेळांवर परताव्याचे प्रमाण छापलेले असते, उदाहरणार्थ ९६ टक्के. मटक्याच्या ९० पेक्षा हे उदार भासते. युरोपीय रूलेटमध्ये ३७ घरे असतात आणि लावलेल्या रकमेसह ३६ पट मिळतात, म्हणजे परतावा सुमारे ९७.३ टक्के. पण ही लाखो डावांची सरासरी असते, एखाद्या खेळाडूला दिलेले वचन नव्हे. शिवाय परत आलेली रक्कम पुन्हा लावली जाते. शंभर रुपये अशा रीतीने पन्नास वेळा फिरले तर सरासरीने सुमारे १३ उरतात.

त्याहून महत्त्वाची आहे ती गती. मटक्यात ओपनला दहा आणि क्लोजला दहा रुपये लावणारा सरासरीने दिवसाला दोन रुपये गमावतो. पडद्यावर दहा रुपयांचा एक डाव सहा सेकंदांत संपतो असे धरू. तासाला ६०० डाव, ६,००० रुपयांची उलाढाल आणि ९६ टक्के परताव्याने सरासरी तोटा २४० रुपये. मटक्यात इतके गमावायला १२० दिवस लागले असते. चार महिन्यांचा तोटा एका तासात, तोही ‘अधिक न्याय्य’ दराने! दर जाणून घेणे आवश्यक आहेच. पण वेगाशिवाय दर ही अर्धीच माहिती होय.

कायद्यानेही दीर्घकाळ दराचा प्रश्न विचारला नाही. निजामी राजवटीत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे १३०५ फसलीचा जुगार कायदा होता. याच कायद्याखालील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि पुढे तो निर्णय ऑनलाइन रमीच्या समर्थनार्थ पुन्हा पुन्हा पुढे आला. त्याआधी १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने ऋग्वेद, महाभारत आणि स्मृती यांचा आधार घेत जुगार हा व्यापारच नव्हे असे म्हटले होते. राज्याने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि अशा खेळांपुरता कौशल्य व नशीब हा भेदच निकालात काढला. बंदीने दुकान बंद होईल, पण दर न विचारण्याची सवय बंद होणार नाही. ती दुसरे दुकान शोधते.

‘शेती म्हणजे पावसाशी जुगार’ असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. सोयाबीन पेरून आभाळाकडे पाहणाऱ्याला हे वाक्य खरे वाटते आणि म्हणूनच ते घातक आहे. ते जोखमीला आणि जुगाराला एकाच पंक्तीत बसवते. जोखीम जगण्यातून येते, पाऊस कोणाच्या हरण्यावर जगत नाही आणि आपला दर आधी ठरवून ठेवत नाही. जुगारातील जोखीम मात्र कोणीतरी निर्माण करून विकलेली असते आणि तिची किंमत दरात लिहिलेली असते. ज्याने आयुष्यभर पहिली जोखीम सोसली, त्याला दुसरी ओळखीची वाटते. त्याला व्यसनी म्हणून हिणवणे सोपे आहे.

या प्रश्नाचा काही भाग तरी साहित्याच्या वर्गात शिकवता येईल, असे आमचे मत आहे. सभापर्व शिकवताना शकुनीच्या कपटाबरोबर एवढे विचारावे, की फासे खरे असते तर युधिष्ठिराने सर्वस्व लावणे शहाणपणाचे ठरले असते काय? नलोपाख्यान शिकवताना ऋतुपर्णाची पाने खरोखर मोजावीत. लीळाचरित्रातील कमळाइसेच्या नकाराकडे हरिपाळदेवाच्या वैराग्याचे निमित्त म्हणून पाहतो तसे तिच्या बाजूनेही पाहावे. अलंकार पेटीतच राहिले पाहिजेत हे तिला कोणत्याही गणिताशिवाय कळले होते. त्या घरात हिशेब करणारी ती एकटीच होती.