राजा कितीही चांगला असला तरी



हा लेख एका भांडणातून निघाला. भांडण माझं आणि माझ्या आबाजींचं. मी नांदगाव पेठेला एका गिरणीत रिंग खात्यात आहे. सुट्टीला गावी, रिद्धपूरला येतो. मागच्या सुट्टीत विहारासमोरच्या ओट्यावर बसलो होतो. निवडणुकीत कोण कुठून फुटला, कोणी किती घेतले, हीच चर्चा. आबाजी वैतागले अन् म्हणाले, "यायच्यापेक्षा एक चांगला राजा बरा. शाहू महाराजासारखा. पायजे तं त्याले कायद्यानं बांधून टाका. पण राजा पायजे. तो तरी पक्ष बदलत नाही."

पोरं हसली. पण दोघंतिघं म्हणाले, बरोबर आहे आबाजींचं. मला ते हसणं नाही, ते 'बरोबर आहे' टोचलं. रात्रभर झोप आली नाही. आमच्यातली शिकलेली पोरं राजा मागत असतील तर आपण कुठं चुकलो?

कायद्यानं बांधलेला राजा, म्हणजे घटनात्मक राजेशाही. राजा गादीवर, कारभार निवडून दिलेल्यांचा. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपला वऱ्हाड अशा राजाखाली जगलेला आहे, तेही एक सोडून दोन राजांखाली. १८५३ च्या तहानं निझामानं फौजेच्या खर्चापायी, कर्जापायी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. १९०२ साली कर्झननं तो कायमच्या पट्ट्यानं घेतला, वर्षाला २५ लाख रुपये खंड. शेत बटाईनं द्यावं तसा आख्खा मुलूख दिला, माणसांसकट. १९३६ च्या करारात वऱ्हाडावर निझामाचं सार्वभौमत्व पुन्हा कागदावर मानलं, आणि त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. म्हणजे मालकीचा राजा हैदराबादेत अन् कारभाराचा राजा लंडनात. लंडनचा तर पुरता बांधलेला. पार्लमेंट सांगेल तिथं सही करणारा.

या दोन राजांनी आपल्याला काय दिलं? खोटं बोलायचं नाही. इंग्रजी अमलात शाळेचं दार थोडं किलकिलं झालं, कोर्टाची पायरी दिसली, पलटणीत नाव लागलं. पण १८९० च्या दशकात त्याच सरकारनं महारांची पलटणीतली भरती बंद केली. घेणं त्यांच्या मर्जीनं, काढणंही त्यांच्या मर्जीनं. आणि १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीनं आधीच सांगून टाकलं होतं की आम्ही कोणाच्या धर्मात हात घालणार नाही. ऐकायला किती गोड! पण ज्याच्या गळ्यावर धर्माचाच पाय आहे त्यानं या वचनाचं काय करायचं?

१३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या देवळाचा. वर दोन-दोन राजे होते. पण देवळाचं दार ना हैदराबादच्या हातात, ना लंडनच्या. ते होतं देवळाच्या पंचांच्या हातात. राजाला कायद्यानं बांधलेलं होतं, पंच मोकळे होते.

आबाजी म्हणतील, ते परके होते, आपला चांगला राजा पाहा. पाहू. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. १९१८ साली महार वतनाचा जाच मोडला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत जमलेल्या आपल्या लोकांपुढं बाबासाहेबांना नेता म्हणून उभं केलं. एवढं मोठं काळीज मी दुसऱ्या राजाचं वाचलेलं नाही. त्यांचा फोटो आमच्या विहारात आहे आणि राहील. पण ६ मे १९२२ ला महाराज वारले तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचेही नव्हते. राजाचं काळीज राजाबरोबर जातं. मागं गादी उरते, आणि गादीला काळीज नसतं.

बडोद्याचं पाहा. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडलं. करारापोटी बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत आले. एवढा शिकलेला माणूस, महाराजांचा माणूस, आणि आख्ख्या शहरात त्याला खोली मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले. तिथं काठ्या घेऊन माणसं चालून आली, निघ म्हणाली. बागेत झाडाखाली बसून त्यांनी दिवस काढला. महाराजांकडं अर्ज केला, महाराजांनी तो दिवाणाकडं पाठवला, दिवाणाच्यानं काही झालं नाही. राजाला देण्याची इच्छा होती, पैसा होता, फौजही होती. नव्हता तो बाबासाहेबांचा हक्क. महाराजांची कृपा न्यूयॉर्कपर्यंत पोचली, बडोद्यातल्या एका खोलीपर्यंत पोचली नाही.

मग औंध. सातारकडचं लहान संस्थान. तिथल्या पंतप्रतिनिधी राजानं, भवानरावांनी, आपण होऊन सत्ता सोडली. २१ जानेवारी १९३९ ला घटना दिली. गावोगाव निवडलेल्या पंचायती, वर तालुका समित्या, त्यावर विधिमंडळ. गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनिअर राबले. आबाजींचा 'बांधलेला राजा' महाराष्ट्रात कुठं सापडत असेल तर तो इथं. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई इलाख्यात विलीन झालं. राजानं सत्ता सोडली हे मोठंच. पण ती खाली कुठं गेली? गावात. आणि गाव म्हणजे काय ते आपल्याला पुस्तकातून शिकायचं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावाला राज्याचा पाया धरायला साफ नकार दिला तो याच अनुभवातून. वरच्या राजाला बांधलंत, पण वेशीतल्या राजांना कोण बांधणार?

कोणी म्हणेल, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कात राजे आहेत, तिथला कामगार आपल्यापेक्षा सुखी आहे. आहे. पण तो राजामुळं नाही, त्याच्या युनियनमुळं अन् कायद्यामुळं. राजा तिथं भिंतीवरच्या घड्याळासारखा, वेळ दाखवतो, पाळी ठरवत नाही. नेपाळातही राजाला १९९० च्या घटनेनं बांधलं होतं. १ फेब्रुवारी २००५ ला ज्ञानेंद्रनं सरकार काढून सगळी सत्ता हातात घेतली. दोर राजाच्याच हातात होता. २८ मे २००८ ला लोकांनी गादीच काढली.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो जपानचा एक माणूस. तिथं आपल्यासारखेच गावाबाहेर टाकलेले लोक आहेत, बुराकू म्हणतात त्यांना. १८७१ च्या फर्मानानं त्यांना कागदावर मोकळं केलं, पण जाच चालूच राहिला. त्यांचा नेता जिइचिरो मात्सुमोतो वरच्या सभागृहाचा उपाध्यक्ष झाला. सम्राटापुढं खेकड्यासारखं आडवं सरकत जायचं, अशी तिथं रीत. १९४८ साली त्यानं तसं चालायला नकार दिला. त्याचं म्हणणं सरळ होतं : जिथं जन्मानं कोणी थोर आहे, तिथं जन्मानं कोणी नीच असणारच.

मित्रांनो, सगळा मुद्दा हाच आहे. गादी आणि जात एकाच लाकडाच्या. गादी बांधा, रंगवा, शोभेची करा, ती जन्मानंच मिळते. अन् जन्मानं वर जाता येतं हे एकदा मानलं की जन्मानं खाली ढकलणं आपोआप मान्य होतं.

आता आपली घटना पाहा. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत या देशाचा राजा सहावा जॉर्जच होता. थोडी कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, बाकीची २६ जानेवारीला. १७ वं कलम, अस्पृश्यता बंद करणारं, त्यांतलंच. म्हणजे राजा गेला आणि हे कलम आलं ते एकाच दिवशी. त्याला लागूनच १८ वं, किताब बंद करणारं. १९७१ च्या २६ व्या दुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखेही गेले.

कलम असूनही २००६ साली आपल्याच विदर्भात खैरलांजी झालं. हे मी विसरलेलो नाही. पण राजाच्या दारात आपण हात जोडून उभे असतो. कलम हातात असलं की जाब विचारायला उभे राहतो. फरक उभं राहण्याचा आहे.

माझ्या आधीच्या गिरणीतला मॅनेजर भला होता. १४ एप्रिलला भरपगारी सुट्टी द्यायचा. आम्ही म्हणायचो, राजा माणूस. तो बदलून गेला. नव्यानं त्या दिवसाचा पगार कापला. आम्ही भांडायला गेलो तर हातात लिहिलेलं काहीच नव्हतं. तेव्हा कळलं, राजा माणूस मिळाला म्हणून आम्ही करार मागितलाच नव्हता.

आमच्या रिद्धपुरात गोविंदप्रभू होऊन गेले. लोक त्यांना राऊळ म्हणत. राऊळ म्हणजे राजकुळ. हा राऊळ मातंगांच्या घरात शिरायचा आणि तिथून तसाच ब्राह्मणांच्या घरात. गावाला ते सोसलं नाही, गाव तक्रार करत राहिलं. राऊळ गेले. गावाची रचना तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं आबाजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग या फुटणाऱ्यायचं काय करतं?"

तेवढा प्रश्न खरा आहे, आणि तो राजा आणून सुटणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आपण मात्र नेत्याला फेटा बांधतो, हातात तलवार देतो, 'राजे' म्हणतो, अन् तो फुटला की रडतो. आधी आपल्या मंडळापासून सुरू करा. हिशेब भिंतीवर लावा. अध्यक्ष दर वर्षी निवडा. अध्यक्षाच्या पोराला पोर म्हणून खुर्ची देऊ नका.

पुढच्या सुट्टीला आमच्या विहारात बैठक आहे. पहिला विषय हाच आहे. आबाजी येतो म्हणालेत.