साताऱ्याचे दोघे आणि एक रेषा

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मी फळ्यावर ‘दारिद्र्यरेषा’ लिहीत असे आणि कन्नड शाळांतून आलेल्या मुलांसाठी ‘बडतन’ हा शब्द जोडीत असे. एकाने विचारले, “सर, ही रेषा ओढली कुणी?”

उत्तर पुण्यापासून सुरू करावे लागले. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली तेथे गोखले संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९६६ साली त्यांच्या जागी वि. म. दांडेकर आले. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणशी रोज २,२५० उष्मांक पोटात जातील एवढा खर्च, ही त्यांची किमान पातळी. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे तिच्याखाली निघाली.

दांडेकर जन्माने साताऱ्याचे. त्यांना आव्हान दिले तेही सातारा जिल्ह्यातल्याच बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांनी. (साताऱ्याच्या पाण्यातच वाद असावा!) जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळून सुखात्मे पुण्यास परतले होते. त्यांचे म्हणणे, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी मोजू नका. १९८१-८२ च्या सुमारास हा वाद चांगलाच रंगला.

मी मनाने दांडेकरांकडे. शरीर जुळवून घेते म्हणणे सरकारला फार सोयीचे. खुरटलेली उंची, थकलेले हात हीच त्या जुळवणीची किंमत, हा टीकाकारांचा आक्षेप मला पटे. पण सुखात्म्यांचा दुसरा मुद्दा डोक्यातून जाईना. पाणी अशुद्ध असेल, शौचाची सोय नसेल, तर खाल्लेले अन्नही वाया जाते.

लहानपणी आमच्या गावी नाचणीच्या भाकरीला तोटा नव्हता. तरी धाकट्या भावाला दर पावसाळ्यात हगवण लागे. आई म्हणे, “खातो, पण अंगी लागत नाही.” विहिरीचे पाणी गढूळ होई, त्याचा आणि या वाक्याचा संबंध घरात कुणी जोडला नाही. दांडेकरांच्या मोजणीत आमचे घर कदाचित रेषेच्या वरच आले असते.

दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे १९९७ साली. पुढे २००९ साली डीटन व द्रेझ यांनी दाखवले की, आधीच्या पंचवीस वर्षांत देशाचे उत्पन्न वाढूनही माणशी उष्मांक घटत होते. तेव्हा मला आईच आठवली.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मात्र मी फळ्यावर रेषेशेजारी एक विहीर काढू लागलो होतो. चित्रकला यथातथाच; मुलांना ती चूल वाटे.